भंडाऱ्याची पोटनिवडणूक (१९५४) : रिकाम्या झालेल्या जागेचा इतिहास

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संसदीय जीवनात दोन पोटनिवडणुकांना विशेष महत्त्व आहे. पहिली १९४७ सालची. फाळणीच्या निर्णयामुळे बंगालमधून मिळालेले त्यांचे संविधान सभेतील सदस्यत्व संपुष्टात आले होते. त्याच सुमारास बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने मुंबई प्रांताची एक जागा रिकामी झाली. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ३० जून १९४७ रोजी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून त्या जागी बाबासाहेबांना निवडून पाठविण्याची विनंती केली आणि जुलै महिन्यात ते संविधान सभेत परतले. पुढे मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एका रिकाम्या जागेने देशाला त्याच्या संविधानाचा शिल्पकार दिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी पोटनिवडणूक मे १९५४ मधील, भंडारा लोकसभा मतदारसंघाची. पहिल्या निवडणुकीत मतदार विधिमंडळाचे सदस्य होते, दुसऱ्या निवडणुकीत प्रत्यक्ष जनता होती. पहिलीत बाबासाहेब विजयी झाले, दुसरीत पराभूत झाले. आपल्या चरित्रग्रंथांतून या पराभवाची नोंद बहुधा चार-दोन ओळींत उरकलेली आढळते. जागा रिकामी का झाली, मतदानाची पद्धत कोणती होती आणि पराभव नेमका कशाने घडला, या प्रश्नांकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार करावयाचा आहे. कारण या जागेच्या रिकामे होण्यातच जात आणि धर्मांतर यांचा तो प्रश्न दडलेला आहे, ज्याची झळ १९५६ नंतर संपूर्ण बौद्ध समाजाला लागली.

जागा रिकामी कशी झाली?

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा त्या वेळच्या मध्य प्रदेश राज्यातील द्विसदस्य मतदारसंघ होता. राज्याची राजधानी नागपूर होती. मतदारसंघातून दोन सदस्य निवडावयाचे होते. त्यांपैकी एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव होती. १९५२ साली दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. या निवडणुकीस काही मतदारांनी आव्हान दिले. प्रकरण निवडणूक न्यायाधिकरणातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १५ फेब्रुवारी १९५४ रोजी न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिलेला निकाल जाहीर झाला.

निकालात दोन मुद्दे होते. पहिला मुद्दा बिडीचा होता. भंडारा-गोंदियाचा प्रदेश तेंदूपानांचा व बिडी कारखानदारीचा. जसानी हे मुळजी सिका आणि कंपनी या बिडी उत्पादक पेढीचे भागीदार होते आणि सैनिकांसाठी बिड्या पुरविण्याचे या पेढीचे केंद्र सरकारशी करार होते. सरकारला माल पुरविण्याच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे अशा व्यक्तीस सदस्य होता येणार नाही, अशी तरतूद १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात होती. करार कायद्याने सांगितलेल्या नमुन्यात झालेले नाहीत, असा बचाव करण्यात आला. न्यायालयाने तो मान्य केला नाही व जसानी अपात्र ठरले.

दुसरा मुद्दा आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी उमेदवारी अर्ज भरला होता. ठवरे यांनी महानुभाव पंथाची दीक्षा घेतलेली असल्याने ते आता महार राहिले नाहीत, म्हणून अनुसूचित जातीचे नाहीत, या कारणास्तव त्यांचा अर्ज फेटाळण्यात आला होता. तेव्हा न्यायालयापुढे प्रश्न आला तो असा : पंथ बदलला म्हणजे जात सुटते काय?

तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाने जातिभेदाचा त्याग शिकविला होता. या शिकवणुकीच्या आधारे ठवरे यांची जात गेली, असा युक्तिवाद होता. न्यायालयाने ग्रंथातील तत्त्वापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार पाहिला. अशा प्रसंगी तीन गोष्टी तपासाव्यात, असे त्याने सांगितले. जुना समाज त्या व्यक्तीकडे कसा पाहतो, त्या व्यक्तीचा स्वतःचा हेतू काय आहे आणि नव्या पंथाचे नियम काय म्हणतात. महार समाजाने ठवरे यांना बहिष्कृत केले नव्हते, त्यांनी स्वतःही जातीशी संबंध तोडले नव्हते आणि त्या काळातील महानुभाव पंथ जुने जातिव्यवहार राखणाऱ्यांनाही आपल्यात सामावून घेत होता. तेव्हा दीक्षेनंतरही ठवरे महारच राहिले, त्यांचा अर्ज फेटाळणे चुकीचे होते आणि त्याचा परिणाम संपूर्ण निवडणुकीवर झाला, असा निष्कर्ष निघाला. भंडाऱ्याची दोन्ही जागांची निवडणूक रद्द झाली.

जातिभेद नाकारणाऱ्या पंथाची दीक्षा घेऊनही जात सुटत नाही, असे न्यायालयाने ठरविल्यामुळे ही राखीव जागा रिकामी झाली. त्या रिकाम्या जागेसाठी उभे राहिले बाबासाहेब, ज्यांनी १९३५ साली येवल्यास हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती. योगायोग म्हणून हे सोडून देता येईल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची नोंद घेतली पाहिजे.

बाबासाहेब या निवडणुकीत का उतरले?

२७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची झालेली वाताहत हे त्याचे प्रमुख कारण होते. त्याबरोबरच अनुसूचित जातींविषयीची उपेक्षा व परराष्ट्र धोरणावरील मतभेद ही कारणेही त्यांनी आपल्या निवेदनात मांडली. त्यानंतर जानेवारी १९५२ मध्ये मुंबई शहर उत्तर या द्विसदस्य मतदारसंघातून ते लोकसभेसाठी उभे राहिले. समाजवादी पक्षाशी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची युती होती आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता उमेदवार होते. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा सुमारे चौदा हजार मतांनी पराभव केला. अशोक मेहतांचाही पराभव झाला. त्याच वर्षी मुंबई विधानसभेने बाबासाहेबांना राज्यसभेवर निवडून दिले.

म्हणजे १९५४ साली ते संसदेचे सदस्य होतेच. भंडाऱ्यात उभे राहण्यामागे केवळ सभागृहात प्रवेश मिळविण्याची निकड नव्हती. प्रौढ मतदानाच्या ज्या तत्त्वाला संविधानात स्थान देण्यात त्यांचा वाटा होता, त्या तत्त्वाच्या आधारे थेट जनतेकडून निवडून जाण्याला त्यांच्या दृष्टीने वेगळे मोल असणे स्वाभाविक आहे. शिवाय विदर्भ ही चळवळीची भक्कम भूमी होती. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना जुलै १९४२ मध्ये नागपुरातच झाली होती. गिरणी कामगार, बिडी कामगार व शेतमजूर यांच्यात चळवळीची मुळे खोलवर गेली होती. मुंबईत जे साधले नाही ते येथे साधेल, अशी आशा कार्यकर्त्यांना वाटली तर त्यात नवल नाही.

या वेळी फेडरेशनची युती प्रजा समाजवादी पक्षाशी होती. सर्वसाधारण जागेवर पुन्हा अशोक मेहताच उभे होते. काँग्रेसने सर्वसाधारण जागेवर पूनमचंद रांका यांना व राखीव जागेवर भाऊराव बोरकर यांना उभे केले. प्रकृती साथ देत नसतानाही बाबासाहेबांनी प्रचारसभा घेतल्या आणि पंतप्रधान नेहरूंच्या कारभारावर, विशेषतः परराष्ट्र धोरणावर, कठोर टीका केली. स्थानिक गाऱ्हाण्यांपुरते न बोलता राष्ट्रीय प्रश्न मतदारांपुढे ठेवणे ही त्यांची जुनीच रीत होती.

दोन मतांचे गणित

निकाल समजून घेण्यासाठी त्या वेळची पद्धत समजून घेणे अगत्याचे आहे. आजच्या वाचकास ती अपरिचित आहे. पहिल्या लोकसभेच्या ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ होते. त्यांपैकी ३१४ एकसदस्य, ८६ द्विसदस्य व एक त्रिसदस्य होता. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदारास दोन मते असत. दोन्ही मते वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत, एकाच उमेदवारास दोन्ही देता येत नसत. मोजणीच्या वेळी प्रथम राखीव जागा भरली जाई. अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी ज्यास सर्वाधिक मते, तो त्या जागेवर विजयी होई. त्यानंतर उरलेल्या सर्व उमेदवारांतून, अनुसूचित जातीचे उर्वरित उमेदवार धरून, ज्यास सर्वाधिक मते तो दुसऱ्या जागेवर निवडून येई.

या शेवटच्या तरतुदीचा अर्थ असा, की अनुसूचित जातीचा उमेदवार सर्वसाधारण जागाही जिंकू शकत होता. १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम मतदारसंघात अनुसूचित जमातींच्या दोन उमेदवारांनी दोन्ही जागा जिंकल्या आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. गिरी सर्वोच्च न्यायालयात गेले व १९५९ साली तेथेही हरले. पुढे दोनच वर्षांत, १९६१ साली, द्विसदस्य मतदारसंघ कायद्याने रद्द करण्यात आले. वाचकांनी या क्रमाकडे लक्ष द्यावे.

दोन मतांच्या पद्धतीत ‘मत कुजविणे’ नावाचा प्रकार रूढ झाला होता. मतदाराने आपले एक मत आपल्या उमेदवारास द्यावयाचे आणि दुसरे कोणालाही न देता वाया घालवावयाचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मतांत भर पडत नाही. मुंबईच्या निवडणुकीत हाच प्रकार बाबासाहेबांविरुद्ध वापरला गेला, अशी तक्रार करून बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला होता. त्या मतदारसंघात सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली होती. अर्ज फेटाळला गेला, परंतु या प्रकाराविषयीची बाबासाहेबांची भूमिका त्यातून नोंदविली गेली.

भंडाऱ्यात तोच पर्याय त्यांच्या स्वतःच्या अनुयायांपुढे आला. आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे व दुसरे कुजवावे, म्हणजे मेहतांची मते घटतील आणि राखीव जागा हातची गेली तरी सर्वसाधारण जागेची वाट मोकळी राहील, असा हिशेब मांडता येण्याजोगा होता. विदर्भातील जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत असे सांगितले जाते, की कार्यकर्त्यांनी ही सूचना केली असता बाबासाहेबांनी ती ठामपणे नाकारली. संविधान घडविणाऱ्याने मताचा अधिकार वाया घालविण्यास सांगणे त्यांना मान्य नव्हते, त्यापेक्षा पराभव पत्करला. या आठवणीस मुंबईच्या अर्जाची पार्श्वभूमी जोडली म्हणजे ती अधिक विश्वसनीय वाटू लागते. ज्या कृत्याविरुद्ध आपण न्यायाधिकरणापुढे दाद मागितली, तेच कृत्य आपल्या फायद्याचे ठरते म्हणून करणे हे त्यांच्या स्वभावात नव्हते. आणि मित्रपक्षाच्या उमेदवारास दिलेल्या शब्दाचा प्रश्न होताच.

निकाल आणि त्याचा अर्थ

अशोक मेहता विजयी झाले. बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले व राखीव जागेवर भाऊराव बोरकर निवडून आले. बोरकरांच्या निधनानंतर १९५५ साली त्याच जागेसाठी पुन्हा पोटनिवडणूक झाली आणि अनुसयाबाई बोरकर लोकसभेत गेल्या.

मतदारसंघ एक, मतदार तेच, दिवस तेच, युती एक. तरीही युतीचा स्पृश्य उमेदवार काँग्रेसच्या उमेदवारास हरवितो आणि युतीचा अस्पृश्य उमेदवार, तोही बाबासाहेबांच्या योग्यतेचा, काँग्रेसच्या उमेदवाराकडून हरतो. मतदान गुप्त असल्यामुळे कोणी कोणास मत दिले याचा पुरावा देता येत नाही. परंतु अनुमान स्पष्ट आहे. मेहतांना मत देणाऱ्या मतदारांपैकी काहींनी आपले दुसरे मत बाबासाहेबांना दिले नाही. फेडरेशनच्या मतदारांनी युतीधर्म पाळला असेल, तर त्याची तितकीच परतफेड झाली नाही. मुंबईत दोघेही पडल्यामुळे हा भेद झाकला गेला होता. भंडाऱ्यात तो उघडा पडला.

या पराभवाचे मूळ केवळ एका युतीच्या कच्चेपणात शोधणे पुरेसे होणार नाही. त्यासाठी १९३२ पर्यंत मागे जावे लागते. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्य मतदारास दोन मते दिली होती. एक मत स्वतंत्र मतदारसंघात आपला प्रतिनिधी निवडण्यासाठी आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. या दुसऱ्या मताचे मोल बाबासाहेबांना मोठे वाटत असे, कारण त्यामुळे स्पृश्य उमेदवारास अस्पृश्यांच्या दारी यावे लागले असते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने जागा ७१ वरून १४८ झाल्या, परंतु ते दुसरे मत गेले व संयुक्त मतदारसंघ आले. पुणे करारात निदान प्राथमिक निवडणुकीची तरतूद होती. तीत केवळ अस्पृश्य मतदार आपल्यातील चार उमेदवार निवडत. संविधानाने स्वीकारलेल्या व्यवस्थेत तीही राहिली नाही. राखीव जागेच्या उमेदवारास स्वजातीयांची किमान ३५ टक्के मते मिळालीच पाहिजेत, अशी उपसूचना एस. नागप्पा यांनी ऑगस्ट १९४७ मध्ये संविधान सभेत मांडली होती. ती संमत झाली नाही.

द्विसदस्य पद्धतीत दोन मते पुन्हा आली, पण उलट्या अर्थाने. १९३२ च्या निवाड्यात दुसरे मत अस्पृश्याचे होते व त्याने स्पृश्य उमेदवारावर प्रभाव टाकावयाचा होता. १९५४ च्या भंडाऱ्यात दुसरे मत प्रत्येकाचे होते, आणि अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण व्हावा हे ठरविण्याचा बहुसंख्याकांचा अधिकार त्यातून प्रत्यक्षात उतरला. राखीव जागेवर अनुसूचित जातीचाच माणूस बसला, कायद्याचे शब्द पाळले गेले. परंतु तो माणूस त्या समाजाच्या स्वतःच्या चळवळीने पुढे केलेला नव्हता. प्रतिनिधी असणे आणि प्रतिनिधित्व असणे यांतील अंतर भंडाऱ्याने दाखवून दिले.

पराभवानंतर

त्याच मे महिन्यात बाबासाहेब ब्रह्मदेशास गेले. १९५४ च्या वैशाख पौर्णिमेस रंगून येथे सहाव्या बौद्ध संगीतीचा प्रारंभ झाला होता. डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते पुन्हा तेथे गेले आणि परतल्यावर २५ डिसेंबरला देहूरोड येथे त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. मे १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. निवडणुकीतील पराभवामुळे ते धम्माकडे वळले, असा अर्थ कोणी काढू नये. ती वाटचाल फार आधीपासून चालू होती. राजकीय कामही त्यांनी थांबविले नाही. त्याच वर्षी राज्यसभेत अस्पृश्यता (गुन्हे) विधेयकावर व परराष्ट्र धोरणावर ते बोलले. इतके मात्र म्हणता येईल, की संख्येच्या बळावर चालणाऱ्या राजकारणाची मर्यादा भंडाऱ्याने स्पष्ट केली आणि समाजाच्या मनोरचनेत बदल घडविण्याचे कार्य अधिक निकडीचे झाले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन झाले आणि भंडारा खटल्यातील प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नसे. १९५६ साली शिखांचा त्यात समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. डी. पी. मेश्राम यांची १९६२ सालची महाराष्ट्र विधानसभेच्या राखीव जागेवरील निवड याच कारणास्तव वादात सापडली. त्यांनी जाहीरपणे बौद्ध धम्म स्वीकारला असल्याने ते त्या जागेस पात्र नव्हते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला.

दोन निर्णय शेजारी ठेवून पाहावेत. १९५४ साली वाद जातीभोवती फिरत होता व न्यायालयाने सांगितले, की दीक्षेने जात गेली नाही. मेश्राम प्रकरणात वाद धर्माच्या अटीचा होता व न्यायालयाने सांगितले, की धम्मस्वीकाराने राखीव जागेचा अधिकार गेला. पहिल्या प्रकरणी ज्याने जातीशी नाते राखले त्यास जागा मिळण्याचा मार्ग खुला झाला. दुसऱ्या प्रकरणी ज्याने ते नाते जाहीरपणे तोडले त्यास ती गमवावी लागली. गावकुसाबाहेरच्या वस्तीत मात्र दोघांचेही घर तेथेच राहिले होते. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती देणारी दुरुस्ती १९९० साली झाली. त्यासाठी चौतीस वर्षे वाट पाहावी लागली.

भंडारा जिल्ह्यातच पवनी हे गाव आहे. तेथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले. वैनगंगेच्या काठी ज्या भूमीत धम्म कधीकाळी रुजला होता, त्याच भूमीतील मतदारांनी १९५४ साली बाबासाहेबांना लोकसभेपासून दूर ठेवले आणि त्याच भूमीतील हजारो कुटुंबांनी पुढे धम्माची वाट धरली. निवडणुकीचा निकाल पाच वर्षांपुरता असतो. त्या निकालाने कोणता प्रश्न अनुत्तरित ठेवला, हे पाहणे इतिहासाचे काम आहे.

आज द्विसदस्य मतदारसंघ राहिलेले नाहीत. मत कुजविण्याची ती पद्धतही उरली नाही. राखीव मतदारसंघ मात्र आहेत आणि तेथील प्रतिनिधी सर्व मतदारांच्या मतांनीच निवडला जातो. म्हणून भंडाऱ्याचा प्रश्न जुना झालेला नाही. राखीव जागेवर बसलेला माणूस कोणाला उत्तरदायी आहे, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधताना बाबासाहेबांनी भंडाऱ्यात पाळलेली मर्यादाही ध्यानात ठेवावी लागेल. ज्या मताच्या अधिकारासाठी त्यांनी आयुष्य वेचले, ते मत स्वतःच्या विजयासाठीदेखील वाया जाऊ द्यावयाचे नाही, हा त्यांचा निर्धार त्या पराभवात शिल्लक राहिला. आठ हजार मतांच्या फरकापेक्षा ही नोंद आपल्या पुढील पिढ्यांसाठी अधिक मोलाची आहे.